जैसलमेरच्या आधी नाशिकचा माळ: नवख्याने सोपा कच्चा रस्ता कसा ओळखायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नाशिकमध्येच राहता. पाच महिन्यांपूर्वी डिझेल मॅन्युअल, फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देता येणारी) थार घेतली आणि अजून तिने डांबर सोडलेलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जैसलमेरला जायचंय, तिथल्या झुडपी वाळवंटात थोडी गाडी घालायचीय. त्याआधी घराजवळ तशाच कोरड्या, काटेरी मुलखातले सोपे रस्ते हवेत. शिवाय एकट्याने गेलं तर चालेल का, वाळूचा सराव कुठे करायचा आणि सामान काय घ्यायचं, हेही विचारलंय.

भाग सांगतो. पण 'अमुक रस्ता सोपा' एवढ्या भरवशावर निघू नका. आपल्याकडे जो शिवरस्ता जानेवारीत कांद्याने भरलेली पिकअप बिनबोभाट पार करते, त्याच रस्त्यावर एका अवकाळी सरीनंतर ट्रॅक्टर फसतो. दोन वर्षांपूर्वी कुणी टाकलेला व्हिडिओ बघून निघालात, तर मधल्या काळात ओढ्याने काठ कापलेला असतो, किंवा कुणी शेताला तारेचं कुंपण घातलेलं असतं. तेव्हा तुम्हाला लागेल ती नजर. माझी कसोटी साधी आहे: जिथपर्यंत गेलात, तिथून त्याच वाटेने परत येता येत असेल तर रस्ता सोपा. उतरताना मजा आली पण तो चढ परत चढता येईल की नाही याची खात्री नाही, म्हणजे तुम्ही सोप्याच्या बाहेर गेलात. मग तो उतार दिसायला कितीही साधा असो. नवखे लोक बहुतेक वेळा पुढे जाताना अडकतच नाहीत, अडकतात ते वळायला जागा नसलेल्या ठिकाणी वळवताना.

आता भाग. नाशिक जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कोरडा होत जातो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि सिन्नरचा पूर्व भाग, येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव या पट्ट्यात साधारण ५०० ते ६००. जैसलमेरला जेमतेम २०० असतो, त्यामुळे आपला माळ म्हणजे वाळवंट नव्हे. पण हिवर, बाभूळ, बोर, तरवड, वेडी बाभूळ, मध्येच निवडुंगाची रांग, खाली मुरूम आणि काळा बेसॉल्टचा दगड, हे सगळं सरावाला उत्तम आहे. त्र्यंबक-इगतपुरीची बाजू तूर्त विसरा. तिकडे चिखल, दाट झाडी आणि तीव्र उतार आहेत. ते वेगळं शिक्षण आहे, आणि जैसलमेरला त्यातलं फारसं उपयोगी पडत नाही.

पहिल्या फेरीसाठी मी सिन्नरच्या पुढे वावी किंवा नांदूरशिंगोटे बाजूचे शिवरस्ते सुचवेन. घरून तासाभरात पोचता, वस्त्या विखुरलेल्या आहेत, आणि मोबाइलला बऱ्यापैकी रेंज असते. डांबरी सोडून तीन-चार किलोमीटर आत जाणारा, दोन गावांना किंवा गाव आणि वस्तीला जोडणारा रस्ता निवडा. तो कुणाच्या तरी रोजच्या वापरातला असतो, म्हणजे काही बिनसलं तर दुपारपर्यंत कुणीतरी येतंच. हात बसला की मनमाड ते नांदगाव दरम्यानचा मुलूख पाहा. तिथे टेकाडं आहेत, ओढे आहेत, चढ-उतार जरा खरे आहेत.

कुठे जायचं नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. येवला तालुक्यातलं ममदापूर हे काळविटांचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथलं मोकळं गवताळ रान बघून गाडी घालायचा मोह होतो, आणि नेमकं तेच काळविटांचं घर आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाच्या कडेलाही तेच. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ती राज्यातली पहिली जागा आहे. शिवाय साध्या राखीव वनातही परवानगीशिवाय गाडी घालणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हाच आहे. माळरान ओसाड दिसतं म्हणून ते बेवारस नसतं. ते वनखात्याचं असतं, गावाचं गायरान असतं, नाहीतर कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं पडीक असतं. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर बघता येतो, पण त्याहून सोपं म्हणजे गावात थांबून विचारणं.

आणि विचारायचं कसं, तेही सांगतो. "गाडी जाईल का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "जाईल ना भाऊ!" असंच येतं. माणसं मोठ्या मनाची असतात, शिवाय थार दिसली की ती कुठेही चढते अशी त्यांची खात्री असते. त्याऐवजी विचारा, "पुढं पिकअप जाती का? का नुसता ट्रॅक्टरच?" पिकअप भरून जाते म्हणाले तर तुम्हीही जाल, फोर बाय फोर न टाकताही. फक्त ट्रॅक्टर जातो म्हणाले तर आधी उतरून चालत बघून या. ट्रॅक्टरची मागची चाकं छातीपर्यंत येतात, ती अशा चाकोऱ्या पाडतात की मधला उंचवटा तुमच्या गाडीच्या पोटाला लागतो. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम वीत. चाकोरी त्याहून खोल दिसली तर दोन्ही चाकं चाकोरीत सोडायचीच नाहीत. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेरच्या काठावर ठेवून हळू काढायची. फक्त मोटारसायकल जाते म्हणाले तर आभार मानून परत फिरा.

पायाखालच्या जमिनीकडे येतो, कारण खरा खेळ तिथेच आहे. मुरूम हा नवख्याचा मित्र. कोरडा असताना पकड चांगली देतो, फक्त उतारावर सुटा खडा असेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी घसरते. काळी माती मात्र कोरडी असेल तोवरच रस्ता असते. भिजली की टायरच्या नक्षीत भरून बसते, टायर गुळगुळीत होतो, आणि मग फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं एकदम घसरणार एवढंच. पाऊस झाला तर शेतकरी वाफसा यायची वाट बघतो. तुम्ही वाफसा आल्यावरही अजून थोडे दिवस थांबा, कारण वाफशावर असलेली जमीन नांगराला योग्य असते, पावणेदोन टनांच्या गाडीला नव्हे. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळीचा अंदाज असेल तर बेत सरळ पुढे ढकला. आत गेल्यावर आभाळ भरून आलं तर फोटो काढत बसू नका, वळा.

दुसरी गोष्ट गवताची. पावसाळा संपल्यावर कुसळी गुडघ्याच्या वर वाढलेली असते आणि तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. माळाच्या उतारावर जलसंधारणाचे समतल चर खोदलेले असतात, रांगेने, उताराला आडवे. गवतात ते पूर्ण झाकले जातात. पुढचं चाक अशा चरात गेलं की बंपर जमिनीला टेकतो आणि गाडी तिरकी लटकते. मुरूम काढून सोडून दिलेल्या खड्ड्यांचे काठही असेच फसवे, सरळ तुटलेले. म्हणून वापरातली चाकोरी सोडून मोकळ्या माळावर गाडी घालायचीच नाही, हा नियम जमिनीच्या मालकासाठी आहे तितकाच तुमच्या पुढच्या सस्पेन्शनसाठीही आहे.

गवताचा आणखी एक धोका लोक हसण्यावारी नेतात. कोरडं गवत गाडीच्या खाली अडकतं, एक्झॉस्टला टेकतं आणि पेट घेतं. बीएस-सिक्स डिझेलमध्ये डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, त्या वेळी एक्झॉस्ट नेहमीपेक्षा खूप तापतो. त्यामुळे उंच वाळल्या गवतात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवू नका. थांबायचं तर उघड्या मुरमावर थांबा, वाकून खाली बघा, अडकलेलं गवत काढा. आग विझवायचा छोटा सिलिंडर हाताला येईल अशा जागी हवा, डिक्कीत सामानाच्या तळाशी नको.

शेताजवळच्या रस्त्यांवर पाइपलाइनवर नजर ठेवा. ठिबकच्या नळ्या आणि पीव्हीसीचे पाइप रस्ता ओलांडून गेलेले असतात, कधी मातीने झाकलेले, कधी उघडे. ऐन द्राक्षाच्या हंगामात तुम्ही कुणाचा मेन पाइप फोडलात तर जे ऐकावं लागेल ते योग्यच असेल. भरपाई देऊनच निघा.

आता चालवण्याबद्दल. डांबरी सोडल्यावर सरळ, सपाट जागी फोर-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाका. चाकं घसरायला लागल्यावर टाकण्यापेक्षा आधी टाकलेलं बरं. परत डांबरीवर आलात की लगेच टू-हाय (फक्त मागच्या चाकांना जोर). या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट फोर बाय फोरमध्ये एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत हा फरक चाकं थोडी घसरून भरून निघतो, डांबरावर मात्र तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीवर, येतो. फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त) तीव्र उतार-चढासाठी आणि मोठ्या दगडांसाठी. गाडी थांबवून, क्लच दाबून टाका. उतारावर फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक लागलाच तर हलका. सगळ्यात वाईट सवय म्हणजे भीतीने क्लच दाबणं, कारण त्या क्षणी गाडीला धरणारं काहीच उरत नाही.

ओढा किंवा चर ओलांडताना तिरका कोन घ्यायचा की सरळ जायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. लहान, उथळ चर असेल तर थोडं तिरकं जा, म्हणजे एका वेळी एकच चाक आत उतरतं, बाकी तीन जमिनीवर राहतात. पण लांब उतार किंवा चढ असेल तर नेहमी नाकासमोर सरळ. तिथे तिरकं गेलात तर गाडी आडवी घसरते आणि उलटण्याची शक्यता तिथूनच सुरू होते. चढावर मध्येच दम सुटला तर वळवायचा प्रयत्न करू नका. ब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि आलात त्याच रेषेत सरळ मागे. हे आधी छोट्या चढावर मुद्दाम करून बघा, अगदी कंटाळा येईपर्यंत. जैसलमेरला पहिल्याच दिवशी याची गरज पडेल.

दगडावर गाडी न घालता ती दोन चाकांच्या मधून काढण्याची डांबरी रस्त्यावरची सवय मोडावी लागेल. पोटाखाली मोठा दगड घेण्यापेक्षा त्यावर चाक चढवणं सुरक्षित असतं, कारण चाक चढलं की गाडीचं पोट आपोआप वर जातं. टायरची बाजू मात्र दगडाला घासू देऊ नका. तिथलं रबर पातळ असतं आणि तिथली चीर पंक्चरच्या दोरीने बुजत नाही.

खाली उतरून दिशा दाखवायला एकच माणूस हवा, आणि काच खाली करून फक्त त्याचंच ऐकायचं. बायको खुणा करणार असेल तर डावं-उजवं कुणाचं, गाडीचं की तिचं, हे घरीच ठरवून या. मी या एका कारणावरून भर माळात चांगले संसार हलताना पाहिलेत. मुलाला पहिल्या एक-दोन फेऱ्यांना घरी ठेवलंत तर बरं, म्हणजे तुमचं अर्धं लक्ष मागच्या सीटवर राहणार नाही. नंतर नेलंत की बेल्ट बांधूनच, माळावर वेग कमी असला तरी.

टायरमधल्या हवेबद्दल खूप उलटसुलट वाचलं असेल. तत्त्व एवढंच की हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि वजन विभागलं जातं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर कंपनीचा आकडा असतो, त्यापासून सुरुवात करा. आपल्या मुरमाच्या रस्त्यांवर त्यातली साधारण पाव हवा कमी केली की गाडी कमी आपटते आणि पकड वाढते. त्याहून खाली आपल्याकडे मी जात नाही, कारण बेसॉल्टच्या धारदार कडा फुगलेल्या बाजूला कापतात. वाळूत मात्र १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरावं लागतं. एवढ्या कमी हवेत वेग ३० च्या आसपास ठेवा आणि झटकन स्टिअरिंग फिरवू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. परत डांबरीवर येताच हवा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर लागतो. माझ्या मते पहिली खरेदी हीच.

बाभळीचा काटा टायरमध्ये घुसलेला दिसला आणि हवा जात नसेल तर तिथे उपटत बसू नका. बऱ्याचदा तोच भोक बुजवून बसलेला असतो. गावात पोचून पंक्चरवाल्याकडे दाखवा.

एकट्याने जायचं का? पहिल्या टप्प्यातल्या वापरातल्या शिवरस्त्यावर, सकाळी, रेंज असताना, घरी ठिकाण सांगून गेलात तर मी अडवणार नाही. त्यापुढे दुसरी गाडी हवीच, आणि ती फोर बाय फोर नसली तरी चालेल, कारण ती आत न येता कोरड्या जागी थांबून मदत आणू शकते. आपल्याकडे अडकलेल्याला बाहेर काढतो तो शेवटी ट्रॅक्टरच. तो येईपर्यंत एक्सलरेटर देत राहू नका. चाक जागेवर फिरलं की ते फक्त खड्डा खणतं. उतरा, चाकाच्या पुढची-मागची माती काढा, दगड-फांद्या घाला, आणि रिव्हर्समध्ये आपल्याच चाकोरीतून निघता येतं का ते आधी बघा.

ट्रॅक्टरवाला दादा आला की लोखंडी साखळी घेऊन येईल आणि मदतीच्या भरात ती सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बंपरला अडकवेल. इथे संकोच करू नका. साखळी कुठे लावायची ते तुम्हीच वाकून दाखवा, कंपनीने दिलेल्या टो हुकलाच. ट्रेलर ओढायचा गोळा असतो, त्याला तर मुळीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा उडतो. स्वतःचा, गाडीच्या वजनाला पुरेल असा ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा हुकला जोडायच्या लोखंडी कड्या) जवळ ठेवलेत तर साखळीचा प्रश्नच येत नाही. दादाला सांगा, झटका नको, ताण घेऊन हळू ओढा. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा, पोरांना आणखी लांब. आणि डिझेलचे पैसे द्या, नाही म्हणाला तरी.

वाळूचा सराव कुठे करायचा, हा तुमचा मधलाच प्रश्न. खरं सांगायचं तर नाशिकमध्ये कुठेच नाही. गिरणेच्या पात्रात वाळू आहे, पण तिथे गाडी घातलीत तर तुम्ही वाळू चोरायला आलात असाच सगळ्यांचा समज होणार, आणि नदीपात्राची नासधूस होते ती वेगळीच. कोकणच्या किनाऱ्यावर तर मुळीच नको. दर मोसमात तिथे गाड्या भरतीत अडकतात, गुन्हेही नोंदवले जातात, आणि खारं पाणी गाडीचा पत्रा खातं. वाळू जैसलमेरलाच शिका, पण तिथल्या माणसासोबत.

तिथे गेल्यावर टेकड्यांच्या मागे लागू नका. सम हे टेकड्यांचं ठिकाण जैसलमेर शहरापासून ४० किलोमीटरवर आहे, उंट आणि पर्यटकांनी गजबजलेलं. वाळूच्या माथ्यापलीकडे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून टेकडी चढायची असेल तर स्थानिक चालकाच्या जीपमध्ये मागे बसा. तुमच्यासाठी योग्य मुलूख म्हणजे खडकाळ-कंकरी सपाटी आणि ढाण्यांना, म्हणजे तिथल्या छोट्या वस्त्यांना, जोडणाऱ्या वाळूच्या वाटा, जिथे खेजडी, केर, फोग अशी झुडपं आहेत. झुडपाच्या बुंध्याशी वाऱ्याने वाळू साठून उंचवटे झालेले असतात. ते मऊ वाटतात, पण आत जुनी मुळं आणि कठीण खोड असतं, म्हणून त्यांवरून जायचं नाही. सेवण गवतावरूनही नाही, ती तिथल्या गुरांची चारणी आहे. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटर पसरलंय आणि आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला जो दिसेनासा झाला तो माळढोक पक्षी तिथे अजून तग धरून आहे, त्यामुळे त्या हद्दीत स्वतःच्या मनाने वाट काढणं बाद. सीमेलगतच्या पट्ट्यात बाहेरच्या माणसाला परवानगी लागते, ती चौकशी जैसलमेरमध्ये पोचल्यावरच करा.

वाळूत सकाळी लवकर उतरा. रात्रीच्या गारव्याने, दवाने ती थोडी घट्ट असते, दुपारी पिठासारखी सुटते. फोर-हाय, दुसरा गिअर, एकसारखा वेग. थांबायचं तर ब्रेक मारून नाही, पाय काढून, आणि शक्यतो उताराकडे तोंड करून, म्हणजे परत निघताना गाडीचं वजन तुमच्या बाजूने असतं. चाक रुतायला लागलं की त्याच क्षणी पाय काढा. पुढचं सगळं तुम्ही सिन्नरच्या मुरमात केलेलंच असेल: उतरणं, खणणं, हवा आणखी थोडी कमी करणं, आपल्याच वाटेने मागे येणं.

सामानात कॉम्प्रेसर, हवा मोजायचा गेज, पंक्चर किट, पूर्ण मापाची आणि हवा भरलेली स्टेपनी, पट्टा आणि शॅकल, छोटं फावडं, आगीचा सिलिंडर, प्रथमोपचार पेटी आणि भरपूर पाणी. जॅकखाली घालायला एक जाड लाकडी फळी घ्याच, नाहीतर मातीत गाडी वर न जाता जॅकच खाली जातो. रिकव्हरी ट्रॅक (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या) जैसलमेरसाठी घेतलेत तर पैसे वाया जाणार नाहीत. विंच (गाडी ओढून काढायची चरखी), छतावरचा तंबू, दिव्यांची पट्टी, मोठे टायर यातलं काहीही सध्या नको. गाडी नाशिकच्याच कारखान्यातून जशी निघाली तशी या सगळ्याला पुरेशी आहे.

आणि येत्या रविवारी निघण्याआधी एखाद्या मातीच्या मैदानावर फोर-हाय आणि फोर-लो दोन-चार वेळा टाकून, थोडं पुढे-मागे करून काढून बघा. पाच महिने हात न लावलेला लिव्हर बहुधा जड जाईल. तो नीट बसत नसेल तर आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा, मग माळावर या.